वहिनी भायखळ्याच्या महिला कारागृहात आहे: आत काय असतं, बाहेरून काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकट्या भावाची बायको फसवणुकीच्या गुन्ह्यात अटकेत होती. पोलीस कोठडी संपली, न्यायालयाने एमसीआर दिला आणि तिची रवानगी भायखळ्याच्या महिला कारागृहात झाली. दोन वर्षांचा मुलगा तिच्याबरोबर आत गेला आहे, आठ वर्षांची मुलगी आजीकडे आहे. आत राहण्याची सोय कशी असते, काय पाठवता येतं, आणि मुलाला आत राहू द्यावं की बाहेर आणावं?

सुरुवात एमसीआर या शब्दापासून करू, कारण घरात तो शब्द आला की लोक शिक्षाच झाली असं धरून चालतात. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. वहिनी आता 'न्यायाधीन बंदी' आहे. जुन्या बोलीत कच्ची कैदी. शिक्षा झालेली ती शिक्षाबंदी किंवा पक्की. हा फरक नुसता नावाचा नाही. कायद्याप्रमाणे न्यायाधीन बंदीला स्वतःचे कपडे वापरता येतात, परवानगी घेऊन स्वखर्चाने काही वस्तू घेता येतात. भायखळ्यात हिरवी साडी दिसते ती शिक्षाबंदी बायकांची, वहिनीला ती नेसावी लागणार नाही. कारखान्यातलं किंवा स्वयंपाकघरातलं काम तिच्यावर सक्तीने लादता येत नाही. स्वतःची जागा आणि भांडी स्वच्छ ठेवणं एवढंच तिच्याकडे. झाडलोट किंवा संडाससफाई जात बघून वाटायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात स्पष्ट सांगितलं आहे. तसं कुठे होत असेल तर तक्रार करता येते, आणि ती कुठे करायची ते खाली आलं आहे.

जागेचंही समजून घ्या. भायखळ्याचं कारागृह केवळ बायकांसाठी आहे. राज्यात बहुतेक ठिकाणी तसं नसतं. पुरुषांच्या मोठ्या कारागृहात एक भिंत घालून 'महिला विभाग' केलेला असतो आणि दवाखाना, वाचनालय, कँटीन, कारखाना हे सगळं भिंतीपलीकडे पुरुषांच्या बाजूला राहतं. बाईला डॉक्टर हवा असेल तर डॉक्टरने इकडे यायचं किंवा तिला पहाऱ्यात तिकडे न्यायचं; दोन्हींत वेळ जातो. देशभरात 2022 च्या अखेरीस 5,73,220 बंदी होते, त्यांत बाया 23,772, म्हणजे शंभरात जेमतेम चार. एवढ्या थोड्या संख्येसाठी वेगळा डॉक्टर, वेगळी गाडी, वेगळी शिक्षिका मागितली की फाईल मागे पडते. महिला कारागृहातल्या बऱ्याच गैरसोयींच्या मुळाशी दुष्टाव्यापेक्षा हा हिशेब असतो. या बाबतीत भायखळ्याची स्थिती बरी म्हणायची. तिथला प्रश्न गर्दीचा आहे. मंजूर क्षमता 262 ची, आणि मुंबईतल्या बहुतेक न्यायाधीन बाया तिथेच येतात, परदेशी नागरिक धरून.

पहिल्या दिवशी दारात काय होतं ते सांगतो, कारण तिथे राहिलेल्या चुका पुढे महिनोन् महिने भोवतात. वॉरंटवरचं नाव, वय, गुन्हा क्रमांक, कलमं, पुढची तारीख नोंदवली जाते. झडती महिला कर्मचारीच घेतात. कायद्यानेच तसं आहे. दागिने, पैसे, मोबाईल जमा होतात आणि त्यांची नोंद करून सही घेतात. ती नोंद वाचल्याशिवाय सही करू नये, विशेषतः दागिन्यांचं वजन आणि संख्या. मग वैद्यकीय तपासणी. अंगावर आधीच्या जखमा असतील तर त्या याच वेळी दाखवायच्या. नंतर दाखवल्या तर त्या कुठे झाल्या यावरच वाद होतो. चालू गोळ्या, रक्तदाब, साखर, फिट येणं, पूर्वी घेतलेले मानसिक आजाराचे उपचार, शेवटच्या पाळीची तारीख हे सगळं तिथे सांगायला हवं. पहिल्या दिवशी बायका लाजेने गप्प राहतात, हे फार वेळा होतं. वहिनीकडून राहून गेलं असेल तर वकिलामार्फत जुनी औषधचिठ्ठी आणि एक साधा अर्ज अधीक्षकांच्या नावाने द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बाहेरून नेलेल्या गोळ्या थेट हातात मिळत नाहीत. कारागृहाचा वैद्यकीय अधिकारी चिठ्ठी बघून मंजुरी देतो, औषध त्याच्यामार्फतच पोहोचतं.

भेटीला कोण येणार त्यांची नावंही आतून दिली जातात. नवऱ्याचं नाव दिलं आणि सासू भेटायला गेली तर परत फिरावं लागतं. तेव्हा पहिल्याच निरोपात वहिनीला सांगा की भाऊ, आजी, तुम्ही आणि वकील अशी सगळी नावं नोंदव, आधारकार्डावर आहेत तशीच.

आता राहण्याची जागा. बायका बॅरकमध्ये राहतात. एकटीची कोठडी हा अपवाद. केंद्राच्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेप्रमाणे बॅरकमध्ये माणशी 3.71 चौरस मीटर, म्हणजे साधारण 40 चौरस फूट जागा हवी, आणि एका बॅरकमध्ये वीसपेक्षा जास्त माणसं नकोत. प्रत्यक्षात गर्दी झाली की माणशी जागा उरते ती सतरंजी अंथरण्यापुरती. मग कोणी कुठे झोपायचं यावरून भांडणं. पंख्याखालची आणि संडासापासून लांबची जागा जुन्या बायकांकडे असते, नव्या बाईला संडासाच्या दाराजवळची मिळते. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळीकडे असंच आहे. जुनी सुटली की नवी एकेक हात पुढे सरकते. पहिले पंधरा दिवस जागेवरून वाद घालू नये, हा सल्ला वहिनीपर्यंत पोहोचवा. अंथरूण-पांघरूण कारागृहाकडून मिळतं. पन्नाशी ओलांडलेल्या बंदींना स्वखर्चाने पातळ गादी आणि उशी घ्यायला कारागृह विभागाने मुभा दिली आहे, पण वहिनीच्या वयाला ती लागू नाही.

पाणी आणि संडास यांचा हिशेब मात्र नीट कळायला हवा, कारण बायकांचे निम्मे आजार तिथून सुरू होतात. नियमपुस्तिका माणशी रोज 135 लिटर पाणी धरते. बॅरकच्या आत दहा जणींमागे एक संडास आणि बाहेरच्या आवारात सहा जणींमागे एक. दिवसा बॅरक उघडी असते तेव्हा बाहेरचे वापरता येतात. संध्याकाळी 'बंदी' झाली, म्हणजे मोजणी करून कुलूप लागलं, की सकाळपर्यंत जवळपास बारा तास आतल्याच एक-दोन संडासांवर सगळ्यांचं भागवायचं. म्हणून संडास पुरतात की नाही हे रात्रीच्या आकड्यावरून बघायचं, दिवसाच्या नव्हे. त्यात नळाला पाणी ठरावीक वेळीच आलं तर बादल्या भरून ठेवाव्या लागतात, आणि बादली कोणाची हा पुढचा वाद. रात्री जायला नको म्हणून बायका दुपारनंतर पाणी पिणं कमी करतात. मग लघवीची जळजळ, ताप, कंबरदुखी. गरोदर आणि मधुमेही बायकांना हे फारच महागात पडतं. वहिनीला सांगा, पाणी पिणं कमी करू नकोस.

पॅड हा दुसरा विषय. गरजेप्रमाणे सॅनिटरी पॅड द्यावेत असं नियमपुस्तिका सांगते. बहुतेक ठिकाणी ते मिळतातही, पण मोजून मिळतात आणि ज्यांचं अंगावर जास्त जातं त्यांना पुरत नाहीत. कँटीनमधून विकत घेता येतात, म्हणून खात्यावर पैसे हवेत. वापरलेल्या पॅडसाठी झाकणाचा डबा नसेल तर ते संडासात टाकले जातात, नळी तुंबते आणि दहा जणींचा एकच संडास दोन दिवस बंद पडतो. महिला विभागात गटार तुंबण्याचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण. देणगी म्हणून पॅडचे खोके नेणाऱ्या संस्थांनी दर दोन खोक्यांमागे एक झाकणाचा डबा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा न्यावा. पॅडपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

दिवस साधारण असा जातो. पहाटे मोजणी, बॅरक उघडते, चहा, नाश्त्याला पोहे, उपमा असं काही. दुपारचं जेवण दहा-अकराच्या सुमारास, आणि रात्रीचं चार-पाचला हातात येतं, कारण बंदी होण्याआधी वाटप संपवायचं असतं. चपाती, भात, डाळ, भाजी. ते सात-आठ वाजता खायचं म्हणजे गार झालेलं. चपाती वातड होते, डाळीवर साय धरते. उन्हाळ्यात भाजी आंबण्याची भीती असते, म्हणून ती आधी खावी आणि डाळ-चपाती नंतर. घरच्या लोकांना तुरुंगाचं जेवण म्हणजे पोट रिकामं राहील अशी धास्ती असते. पोट भरतं. उणीव असते ती फळं, दूध, हिरव्या पालेभाज्या यांची. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळणं, तोंड येणं, दम लागणं सुरू होतं ते त्यामुळे. नियमपुस्तिकेत गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला जादाचा आहार धरला आहे. हा जादाचा आहार आपोआप ताटात पडत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याने कागदावर लिहून दिला तरच मिळतो. मुलगा अजून अंगावर पीत असेल तर तसं डॉक्टरला सांगून ते लिहून घ्यायला हवं. मुलाचं दूध आणि आहार वेगळा, आईच्या वाट्यातून द्यायचा नाही.

आतल्या शिध्याची मोजदाद किती नाजूक असते याचं उदाहरण याच कारागृहातलं आहे. जून 2017 मध्ये दोन अंडी आणि पाच पाव कमी भरल्याच्या वादातून वॉर्डरचं, म्हणजे बॅरकवर देखरेखीचं, काम करणाऱ्या एका शिक्षाबंदी बाईला मारहाण झाल्याचा आरोप झाला. त्यात तिचा मृत्यू झाला, दुसऱ्या दिवशी बंदी बायका छतावर चढल्या, आणि कारागृहाच्या सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली. बाहेरच्याला दोन अंडी किरकोळ वाटतात. आत वाटपाचा हिशेब ज्या बाईवर असतो तिच्यावर वरून कर्मचाऱ्यांचा आणि खालून बॅरकचा दाब असतो. वहिनी चार अक्षरं शिकलेली असेल तर असं हिशेबाचं काम तिच्याकडे लवकर येईल. न्यायाधीन बंदीने ते नम्रपणे नाकारलं तरी चालतं.

पैसे कसे पाठवायचे? दारात रोख देऊ नका, कोणी 'मी आत पोहोचवतो' म्हटलं तरी नाही. मनीऑर्डर किंवा कारागृहाने सांगितलेल्या अधिकृत पद्धतीनेच पाठवा. पत्त्यावर बंदीचं पूर्ण नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आणि बंदी क्रमांक हवा. एकाच नावाच्या तीन बायका आत असतात आणि पैसे भलतीच्या खात्यावर जमा झाले की दुरुस्तीला महिना जातो. महिन्याला किती रक्कम चालते ती मर्यादा शासन वेळोवेळी बदलतं, भेटीच्या खिडकीवर विचारून घ्या. कँटीनमध्ये साबण, तेल, टूथपेस्ट, पॅड, बिस्किटं, फरसाण, लोणचं असं मिळतं. एकदम मोठी रक्कम पाठवण्यापेक्षा दर महिन्याला थोडी पाठवावी. जिच्या खात्यावर पैसे आहेत हे बॅरकला कळतं तिच्याकडे उसनं मागणाऱ्या वाढतात, आणि आतली बरीचशी भांडणं उसन्या साबण-बिस्किटांवरूनच पेटतात.

कपडे नेताना साधे सुती, गडद रंगाचे, खिसे नसलेले न्या. अंतर्वस्त्रं पुरेशी द्या. लोक नेमकी हीच विसरतात, कारण भेटीला जाणारा बहुधा पुरुष असतो आणि वहिनी त्याला सांगत नाही. म्हणून पहिल्या भेटीला घरातली एखादी बाई जाऊ द्या. शिजवलेलं अन्न घेत नाहीत, डबा घेऊन जाऊ नका.

भेटीला म्हणतात मुलाखत. आधारकार्डाची मूळ प्रत आणि झेरॉक्स, बंदीचं नाव, गुन्हा क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव, न्यायालयाचं नाव एका कागदावर लिहून न्या. ई-प्रिझन्सच्या संकेतस्थळावर ई-मुलाखतीची, म्हणजे व्हिडिओवरून भेटीची, वेळ घेता येते, आणि गावाकडच्या आजीसाठी तो पर्याय खरोखर चांगला आहे. फोनची सोयही बहुतेक कारागृहांत आहे, आधी नोंदवून पडताळलेल्या नंबरांवरच. तो नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या, जो अनोळखी नंबर आला तरी फोन उचलतो. हसू येईल, पण ठरलेल्या मिनिटांत कोणी उचलला नाही म्हणून रडत बॅरकला परतणाऱ्या बाया रोज असतात. पुरुष आत गेला तर बायको, आई, बहीण रांगेत उभ्या असतात. बाई आत गेली की पहिल्या महिन्यात चार भेटी, तिसऱ्या महिन्यात एक आणि सहाव्या महिन्यात नाही, असं सर्रास होतं. सासरचे बदनामीला भितात, माहेरचे म्हणतात ती सासरची. वहिनीची भेट कोणाकडे, कोणत्या आठवड्याला, हे घरात बसून आत्ताच ठरवा.

आजारपणाचं सांगायचं तर साध्या तक्रारी आतल्या दवाखान्यात भागतात. मोठं काही असेल तर जवळच्या जे. जे. रुग्णालयात नेतात. अडचण येते ती पोलीस बंदोबस्ताची. रुग्णालयात किंवा न्यायालयात नेण्यासाठी कारागृहाचा नव्हे तर पोलीस दलाचा गार्ड लागतो, आणि बाईबरोबर महिला पोलीस हवीच. सणवार, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा असला की गार्ड मिळत नाही आणि तपासणीची तारीख चुकते. सोनोग्राफी किंवा शस्त्रक्रियेची तारीख अशी चुकली तर पुढची तारीख दोन-दोन महिन्यांनी मिळते. अशा वेळी वकिलाने न्यायालयात अर्ज करून 'अमुक दिवशी जे. जे. मध्ये हजर करावं' असा आदेश घ्यावा. न्यायालयाचा कागद असला की गार्ड सापडतो. झोप न लागणं, एकटीशी बोलणं, जेवण सोडणं असं काही कळलं तर वाट बघू नका. मानसिक आरोग्य कायदा 2017 च्या कलम 103 मध्ये बंदींच्या उपचाराची स्पष्ट तरतूद आहे.

आता मुलाचं. हा प्रश्नाचा सगळ्यांत अवघड भाग, म्हणून सविस्तर लिहितो.

आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या 2006 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर राहू शकतं. मूल बंदी नाही, त्याला बंदीसारखं वागवायचं नाही. त्याचा आहार, लसीकरण, कपडे, पाळणाघर, खेळायची सोय ही कारागृहाची जबाबदारी. सहाव्या वर्षानंतर आईच्या इच्छेप्रमाणे नातेवाइकांकडे किंवा बालगृहात पाठवायचं आणि आठवड्यातून किमान एकदा आईची भेट घडवायची. बाळंतपण शक्यतो बाहेरच्या रुग्णालयात, आणि आत जन्म झालाच तरी जन्मदाखल्यावर कारागृह लिहायचं नाही, फक्त भागाचा पत्ता. देशात 2022 च्या अखेरीस 1,537 बायकांबरोबर 1,764 मुलं होती, आणि त्यांतल्या बहुतेक आया न्यायाधीनच होत्या.

कागदावर हे सगळं चांगलं आहे. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या मुलाचा दिवस आईच्या दिवसाला बांधलेला असतो. संध्याकाळी बॅरक बंद झाली की त्यालाही बारा तास आत. रात्री रडला की चाळीस जणींची झोप मोडते, मग आई त्याला दाबते. एकाला सर्दी झाली की सगळ्यांना होते. सप्टेंबर 2021 मध्ये भायखळ्यात 39 जणांना करोना झाला त्यांत सहा मुलं होती. पुरुष माणूस नजरेला क्वचितच पडत असल्याने बाहेर आल्यावर काही मुलं मामालाही घाबरतात. दुसऱ्या बाजूने, बॅरकमधल्या पंचवीस मावश्या त्याला हातावर खेळवतात. आणि आईचं म्हणाल तर मूल जवळ असलेली बाई जेवते, अंघोळ करते, जगायचं कारण शोधत बसत नाही. हेही वजन कमी नाही.

माझं मत विचाराल तर एकच कसोटी लावा. बाहेर असं एक माणूस आहे का, जे त्याला आजपासून स्वतःचं म्हणून सांभाळेल आणि दर आठवड्याला आईच्या भेटीला नेईल? तुम्ही 'आम्ही सगळे आहोत' असं म्हणत असाल तर ते उत्तर नाही. सगळे म्हणजे कोणीच नाही, असं होतं. एक नाव असेल तर बाहेर आणा. त्याआधी अंगावरचं दूध तुटलेलं असू द्या आणि एकदम न तोडता दोन-तीन भेटींत त्या माणसाची सवय होऊ द्या. नाव नसेल तर आईजवळ राहू द्या. जामीन महिन्या-दोन महिन्यांत होईल अशी वकिलाची खरी अटकळ असेल, तरीही राहू द्या; एवढ्यासाठी दोनदा ताटातूट नको. बाहेर आणायचं ठरलं तर आईचा लेखी अर्ज अधीक्षकांकडे जातो, घेऊन जाणाऱ्याची ओळख पडताळतात आणि पोच घेऊन मूल सोपवतात. लसीकरणाचं कार्ड आणि जन्मदाखल्याची प्रत तेव्हाच मागून घ्या. मुलगा आत राहणार असेल तर बालवाडीत त्याचं नाव आहे का, लशी चालू आहेत का, हे प्रत्येक भेटीत विचारा.

आठ वर्षांच्या मुलीला विसरू नका. तिला काय सांगायचं हे घरात एकच ठरवा, कारण आजी म्हणते आई गावाला गेली आणि शाळेतली मैत्रीण भलतंच सांगते. काचेआड फोनवरून होणारी भेट लहान मुलांना घाबरवते. राज्यातल्या कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो, त्यात मुलं आईच्या मांडीवर बसून भेटू शकतात; पुढची तारीख कधी हे विचारून ठेवा. पैशांची ओढाताण असेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. पालक तुरुंगात असलेल्या मुलांचा त्यात समावेश आहे, मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात. मंजुरी बालकल्याण समितीकडून येते, वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून बंदींबरोबर काम करतो. कारागृहातल्या समाजसेवकामार्फत त्यांच्याशी गाठ घालून घेता आली तर मुलांच्या बाबतीत मोठा आधार होतो.

जामिनाचं थोडक्यात, कारण वकील सांगतीलच. वकील नसेल तर बाई आणि कोठडीतली व्यक्ती, दोन्ही नात्यांनी वहिनीला मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये उत्पन्नाची अटच नाही. 15100 वर फोन करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 मध्ये बाईला जामीन देताना न्यायालयाला जास्त मोकळीक आहे, लहान मूल जवळ असल्याचा मुद्दा अर्जात यायलाच हवा. गुन्ह्यात फक्त भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) असेल तर कमाल शिक्षा 7 वर्षं. म्हणजे पहिल्या रिमांडच्या दिवसापासून 60 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काचा होतो. पण तो अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी दाखल व्हायला हवा. एक दिवस उशीर झाला तर हक्क गेला. साठावा दिवस कोणता ते कॅलेंडरवर आजच लिहा. याच गुन्ह्यात, पहिलाच गुन्हा असेल आणि दुसरं प्रकरण चालू नसेल तर, एक तृतीयांश म्हणजे 2 वर्षं 4 महिने झाल्यावर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 चा, म्हणजे जामिनावर सुटण्याचा, फायदा मिळतो. अर्थात तिथपर्यंत वेळ जाऊ देऊ नये.

जामीन मंजूर होऊनही बायका आत राहतात ते जामीनदाराअभावी. मालमत्ता, सातबारा, घरपट्टी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, आणि सासरे जामीन राहायला तयार नाहीत. म्हणून जामिनाचा अर्ज चालू असतानाच जामीनदाराचे कागद तयार ठेवा: रेशनकार्ड, पगाराची स्लिप किंवा घरपट्टी पावती, फोटो. मुंबईत काही आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन मागण्याची पद्धत आहे, ती वकिलाला मागायला सांगा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृहाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिना झाला तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करायचा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला दिले आहेत. पैसेच नसतील तर केंद्राच्या 2023 च्या गरीब बंदी साहाय्य योजनेत न्यायाधीन बंदीसाठी जामिनाच्या रकमेची मदत ठेवली आहे. कारागृहातून प्रस्ताव जावा लागतो, तेव्हा अधीक्षकांच्या नावाने अर्ज द्या.

तक्रार करायची झाली तर पहिली जागा न्यायालय. अडचण अशी की तारखेला हल्ली प्रत्यक्ष नेण्याऐवजी व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओवरून, हजर करतात, शेजारी कर्मचारी उभे असतात, मिनिटभरात तारीख पडते, आणि बाई काही बोलत नाही. म्हणून वकिलाने महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष हजर करण्याचा अर्ज करावा, किंवा आत जाऊन वकील-मुलाखत घ्यावी. लेखी तक्रार जिल्हा न्यायाधीश, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, राज्य मानवी हक्क आयोग यांच्याकडे करता येते. तक्रारीत तारीख, वेळ, बॅरक आणि काय कमी मिळालं ते लिहा. 'छळ होतो' एवढंच लिहिलेला कागद कुठेच पोहोचत नाही. आणि तक्रार घरच्यांच्या नावाने जाऊ द्या, वहिनीच्या सहीने नको. रात्री राहायचं तिला तिथेच आहे.

सुटकेच्या दिवशीचं. आदेश कारागृहात पोहोचला म्हणजे लगेच दार उघडलं असं होत नाही. मुंबईतल्या कारागृहांच्या दारावर जामिनाचे आदेश टाकायची जामीन पेटी असते, ती ठरावीक वेळांनाच उघडतात. संध्याकाळची वेळ चुकली की सुटका दुसऱ्या सकाळी. दुसऱ्या गुन्ह्यात प्रॉडक्शन वॉरंट, म्हणजे तिथे हजर करण्याचा आदेश, निघालेलं असेल तर ते आधी रद्द करून घ्यावं लागतं, नाहीतर दारातूनच पुन्हा ताबा जातो. आदेशावरचं नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक आणि कलमं वॉरंटशी अक्षरशः जुळतात का ते न्यायालयातच तपासा. एका वेलांटीसाठी रात्र आत जाते. सुटताना जमा केलेले दागिने आणि खात्यावरचे उरलेले पैसे मोजून घ्यायचे, पावती जवळ ठेवायची. दाराबाहेर घरातली एखादी बाई असू द्या, रिक्षा किंवा टॅक्सी थांबवलेली असू द्या, आणि मुलगा बरोबर येत असेल तर त्याच्यासाठी पायात घालायला चप्पल न्या. आत गेला तेव्हाची आता त्याला होणार नाही.